निघायलोय

१४ जानेवारी २०२४
राजस्थान

तीर्थरूप भुजंगकाका यांस,
योगीराजचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण रविकांतच्या 'आमचे बाबा, आमची आई' या बोलण्यातून मी तुमच्या पिंगळीच्या घरात पुष्कळदा जेवून गेलो आहे असं समजा. रविकांत ज्या रणगाड्याचा ड्रायव्हर आहे, त्याच रणगाड्यावर मी तोफ चालवतो. गाव माझं फलटणकडचं. चौघांच्या गाडीत मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे दिवाळीत कमलकाकूंनी पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा अर्धा डबा माझ्याच पोटात गेला.

पत्राला कारण असं की काल चाचणी चालू असताना रविकांतला थोडं लागलं आहे. उजव्या खांद्याला आणि हाताला. आमचा रणगाडा नवा आहे, आपल्याच देशात बनलेला, त्याच्या इथं वाळवंटात चाचण्या चालू आहेत हे रविकांतनं सांगितलं असेलच. तो त्याला 'हेल्या' म्हणतो. काल गोळीबार झाल्यावर तपासणी होती, रविकांत बाहेर येत होता आणि तेवढ्यात टरेट फिरलं. टरेट म्हणजे तोफेसकट गोल फिरणारा वरचा भाग. लगेच हेलिकॉप्टरनं जोधपूरच्या लष्करी इस्पितळात हलवलं. डॉक्टर चांगले आहेत.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, आणि ही गोष्ट राजनंदिनीनं तुमच्या कानाशी ओरडून सांगावी असं मला वाटेना. शिवाय आमचे फोन सध्या जमा आहेत. म्हणून पत्र. इतक्या लांब धावपळ करत येऊ नका. मी आहे इथं. काकूंना सांगा, काळजीचं कारण नाही.

आपला,
योगीराज

*

पिंगळी, जि. परभणी
२० जानेवारी २०२४

चि. योगीराज यास भुजंग साबळेचा आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. त्याच्या आधीच तुमच्या ऑफिसातून राजनंदिनीला फोन आला होता. पोरगी परभणीला कृषी विद्यापीठात, हरभऱ्याच्या वाफ्यात उभी होती. तशीच चिखलाच्या पायानं ऑटोत बसून घरी आली आणि वहीवर मोठ्या अक्षरात लिहून मला दाखवलं, 'दादा गंभीर आहे.' तू लिहितोस, 'थोडं लागलं आहे.' दोन्हींतला एक कागद खोटा, आणि सरकारी माणसाला माझ्याशी खोटं बोलायची काही गरज नाही.

मी येलदरीच्या वीजघरात चौतीस वर्षं पाळी केली. सुरुवातीला कानात कापूस घालायचा आळस केला, म्हणून कान तिथंच ठेवून आलो. डोळे मात्र घरी आणलेत. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. 'टरेट फिरलं' असं लिहिलंस. बाळा, तुझ्या रणगाड्याहून वजनदार चाक मी जन्मभर फिरताना पाहिलं. ते कधी आपोआप फिरलं नाही. कुणीतरी झडप उघडतो, पाणी येतं, मग ते फिरतं. आम्हाला लॉगबुकात 'चाक फिरले' असं लिहायची मुभा नव्हती. कुणी फिरवलं, किती वाजता, कुणाला विचारून, हे लिहावं लागायचं. तेव्हा तू मला लॉगबुकासारखं लिही. कोण कुठं होतं, कोण काय बोललं आणि हात कुणाचा होता.

कमल म्हणते, "त्याला लिव्हा, खरं काय ते सांग म्हणावं. मी लय घट्ट हाय." घट्ट वगैरे काही नाही. दोन दिवस नुसत्या चहावर आहे.

यायचं की नाही ते तू आम्हाला शिकवू नकोस. बॅग माळ्यावरून काढली. कमलला संगं घेऊन मी निघायलोय.

भुजंग साबळे

*

३० जानेवारी २०२४
राजस्थान

तीर्थरूप काका,

तुमचं पत्र मिळालं त्यात 'निघालोय' असं होतं, म्हणून लगेच परवानगी काढली आणि २६ आणि २७ असे दोन दिवस जोधपूर स्टेशनवर उभा राहिलो. पुठ्ठ्यावर 'साबळे, पिंगळी' असं लिहून छातीशी धरलं होतं. मनमाडकडून येणारी प्रत्येक गाडी पाहिली. तुम्ही आला नाहीत. शेवटी स्टेशनबाहेरच्या दुकानातून राजनंदिनीला फोन लावला तर ती म्हणाली, आईबाबा घरीच आहेत. वाटेत काही झालं की काय, या भीतीनं माझी दोन दिवस काय गत झाली ते मलाच ठाऊक. असो. तुम्ही सुखरूप आहात हे महत्त्वाचं.

आता तुम्ही मागितलंत तसं लिहितो.

१३ जानेवारी. सकाळी साडेअकरा. गोळीबार संपलेला. आमचे रिसालदारसाहेब, म्हणजे गाडीचे कमांडर, खाली उतरून इंजिनीयर लोकांशी बोलत होते. टरेटच्या खालच्या कड्याची तपासणी करायची होती, त्यासाठी तोफ डावीकडे वळवायला सांगितली. ड्रायव्हर पुढं, तोफेच्या अगदी खाली बसतो. त्याच्या डोक्यावरचं झाकण उघडं असलं की टरेट फिरूच नये असं कुलूप या रणगाड्यात आहे. पण त्या तपासणीपुरतं ते मुद्दाम काढून ठेवलं होतं, तसं कागदावर लिहूनही ठेवलं होतं. ड्रायव्हरनं आधी बाहेर पडायचं, मग मी तोफ वळवायची, असं ठरलं होतं. माझ्या जागेवरून ड्रायव्हर दिसत नाही. इंजिन चालूच होतं. कानाला लावलेल्या यंत्रातून फक्त आवाज येतो.

मी विचारलं, "निघालास का रे?"

तो म्हणाला, "निघालोय."

मी हँडल डावीकडं दाबलं. काका, हात माझा होता.

दोन सेकंद. नंतर यंत्रातून जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही. तो कमरेपर्यंतच बाहेर आला होता. खांदा, हात आणि गळा झाकणाच्या कडेत सापडला. पहिल्या पत्रात मी हे लपवलं, कारण माझा धीर झाला नाही. तुमच्या जागी माझे वडील असते तर त्यांनी मला उभा जाळला असता.

परवा त्यानं डोळे उघडले. गळ्यात नळी आहे म्हणून बोलता येत नाही, उजवा हात प्लॅस्टरमध्ये. पण ओळखतो.

१२ फेब्रुवारीला चौकशी आहे. माझा जबाब झाला. तो हिंदीत असतो. मी लिहून दिलं, 'ड्रायव्हर ने कहा, निकल गया.' हा जबाब ग्राह्य धरला तर शेरा असा येणार की आत असताना ड्रायव्हरनं बाहेर असल्याचं सांगितलं. निष्काळजीपणा. मग रविकांत बरा झाला तरी पुन्हा कुठल्याच रणगाड्यावर बसणार नाही. दोघंतिघं मला म्हणाले, टरेट आपोआप हललं असं सांग, सगळे सुटतील. नवा माल आहे, आपल्याकडं बनलेला, त्याच्यावर आळ घ्यायला लोक टपलेलेच असतात. पण ते खोटं आहे. हेल्या सांगितल्याशिवाय एक इंचही हलत नाही. मी त्याला सांगितलं, म्हणून तो हलला.

आणि रविकांतनं 'निघालोय' म्हटलं, हेही खरं आहे. माझ्या कानांनी ऐकलंय. मला तुमच्याशी आणखी खोटं बोलायचं नाही.

योगीराज

*

पिंगळी
५ फेब्रुवारी २०२४

योगीराज,

आज आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. उद्या लिहीन कदाचित.

हात तुझा होता हे कबूल केलंस, तेवढं बरं केलंस. पण त्याच्याच खाली तू जे लिहिलंस ते मला मान्य नाही. माझा मुलगा बाहेर पडल्याशिवाय निघालो म्हणणार नाही. बाप म्हणून बोलत नाही. ऐक.

आमच्या वीजघरात चाकाच्या खड्ड्यात माणूस उतरायचा तेव्हा झडपेजवळच्या खिळ्यावरचा आपला पितळी बिल्ला काढून खिशात घालायचा. ज्याचा त्याचा नंबर ठरलेला. माझा अकरा. खिळा रिकामा असला की झडपेला कुणी बोट लावायचं नाही, मग खालून माणूस ओरडून सांगू दे नाहीतर वरून साहेब. बाहेर आला की बिल्ला त्यानंच, आपल्या हातानं, परत अडकवायचा. दुसऱ्यानं अडकवला तर पाळीवरून घरी. मशीनघरात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून बोलण्यावर आम्ही कधी विसंबलोच नाही. रविकांत पाचवीत असल्यापासून सुट्टीत माझा डबा घेऊन यायचा आणि त्या खिळ्यांकडं बघत बसायचा. एकदा मी वर आलो आणि बोलत बोलत बिल्ला तसाच खिशात घेऊन चाललो, तर हा पोरगा सगळ्यांसमोर मला म्हणतो, "बाबा, तुमी अजून आतच हायेत." दत्तराव फोरमन पोट धरून हसला होता. असा पोरगा अर्धा आत, अर्धा बाहेर असताना निघालो म्हणेल? तू चुकीचं ऐकलंस, नाहीतर तुझी कातडी वाचवायला बोलायलास. दोन्हींतलं कुठलं ते तुझं तुला माहीत.

आणि स्टेशनवर दोन दिवस उभा राहिलास त्याचा ठपका माझ्यावर ठेवू नकोस. मी कुठं निघालो म्हणलो होतो? पत्र काढून बघ. मी निघायलोय असं लिहिलंय. आमच्याकडं माणूस निघायलोय म्हणला की त्याच्या पायात अजून चप्पल नाही असं समजायचं. तो तांब्या घेऊन बाहेर गेलेला असतो, किंवा टोपी सापडत नसते. निघायलोय म्हणजे निघण्याच्या कामाला लागलोय. रिझर्वेशन अकरा तारखेचं मिळालं. तेराला पोचू. तुम्ही फलटणकडची माणसं शुद्ध बोलता म्हणतात, आणि साधं लिहिलेलं वाचता येत नाही.

कमलनं तुझं पत्र राजनंदिनीकडून वाचून घेतलं. मग आपल्या हातानं घडी करून देवापाशी ठेवलं. मला ते जास्त जड गेलं.

भुजंग साबळे

*

१० फेब्रुवारी २०२४
राजस्थान

काका,

तुमचं पत्र दुपारी मिळालं. वाचून खिशात घातलं आणि जेवायला बसलो. पहिला घास तोंडात असताना माझा हात थांबला. उठलो, तुमचं आधीचं पत्र पेटीतून काढलं. निघायलोय. अक्षर स्वच्छ आहे. मधला 'य' ठसठशीत आहे. तेव्हा मी ते वाचलं आणि मनात म्हणालो, काकांच्या हातून एक अक्षर जास्त पडलं. दुरुस्त करून निघालोय असं वाचलं, आणि तुम्हाला उलट लिहितानाही निघालोय असंच लिहिलं.

तुमच्या लक्षात आलं का काका? तुमच्या आलं नाही. तुम्ही रागात सांगून गेलात आणि पुढं गेलात.

मी त्याला विचारलं, निघालास का रे. तो म्हणाला, निघायलोय. म्हणजे कामाला लागलोय, पाय अजून आत आहेत. तुमच्या गावात शेंबड्या पोरालाही हे समजलं असतं. मी माझ्या गावचे कान लावून ऐकलं. त्यात इंजिनाचा आवाज. तो 'य' माझ्यापर्यंत पोचला नाही. आणि जबाब लिहिताना मी हिंदीत 'निकल गया' लिहिलं, तेव्हा उरलासुरलाही मेला. तो म्हणाला होता, 'निकल रहा हूँ.'

तुमचा मुलगा खोटं बोलला नाही. मीही खोटं बोललो नव्हतो. पण लागलं त्यालाच.

संध्याकाळी इस्पितळात गेलो. त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं. बिल्ल्याचं आलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मी हळूच विचारलं, "त्या दिवशी तू निघायलोय म्हणाला होतास ना?" त्यानं मान हलवली. हो. 

पण पुढं ऐका. सात तारखेला चौकशीचे साहेब त्याच्या खाटेपाशी येऊन गेले होते. त्यांनी विचारलं होतं, "तुमने कहा था, निकल गया?" आणि त्यानं होकारार्थी मान हलवली होती. मी म्हणालो, "येड्या, असं का केलंस?" त्याच्या डाव्या हातात पेन दिलं. वाकड्यातिकड्या अक्षरात त्यानं लिहिलं, 'माझा हात गेलाच. एक जण तरी हेल्यावर ऱ्हाऊ दे.'

काका, आता मी तुम्हाला माझं मन उघडं करून सांगतो. या रणगाड्यांची पहिली तुकडी उभी राहणार आहे. त्यात कमांडर म्हणून माझं नाव आहे. रविकांतला ते माहीत आहे. सेटवर, म्हणजे कानाच्या त्या यंत्रावर, ठरलेले हिंदी शब्दच बोलायचे असा कडक नियम आहे. मराठीत आम्ही बोललो. ते मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. 'य'ची गोष्ट सांगायची तर आधी ते सांगावं लागेल. गप्प बसलो तर कुणालाही कळणार नाही. त्यानं स्वतःच मान हलवली आहे, कागद पूर्ण आहे.

परवा सकाळी दहाला मला आत बोलावणार. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा ते होऊन गेलेलं असेल. मी काय करीन हे मला आत्ता, या क्षणी खरंच माहीत नाही. तसं लिहायची लाज वाटते, पण लॉगबुकात लाज लिहायची नसते ना.

योगीराज

*

पिंगळी
२८ फेब्रुवारी २०२४

चि. योगीराज,

आम्ही परवा परत आलो. दाराच्या फटीत तुझं दहा तारखेचं पत्र पडलेलं होतं. ते आधी मिळालं असतं तर इस्पितळातले दहा दिवस मी वेगळ्या तोंडानं बसलो असतो.

तुझं पत्र वाचल्यावर मी अंगणात जाऊन तो शब्द पंचवीस वेळा तोंडानं म्हणून बघितला. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, तरी म्हणलो. राजनंदिनीला वाटलं बापाचं डोकं फिरलं. चौतीस वर्षं मी बोलण्यावर विसंबू नका म्हणून माणसांना शिकवलं, आणि माझ्या घरातला रोजचा शब्द माझ्या पोराच्या अंगावर गेला. मी तुला कातडी वाचवायला बोलायलास असं लिहिलं होतं. ते माझे शब्द परत घेतो. राग आला की माझ्या लेखणीला लगाम नसतो.

रविकांतच्या गळ्यातली नळी काढली. बारीक घोगरा आवाज येतो म्हणे. मला त्याचे ओठ वाचावे लागतात. उजवा हात खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं. कमल त्याला घास भरवायली तर तो म्हणाला, "आई, डावा हाय की." तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

आता माझं विचारणं. आम्ही दहा दिवस तिथं होतो. तू एकदाही आला नाहीस. रोज दाराकडं बघत होतो. तुझा चेहरा मला माहीत नाही, म्हणून कुणी गणवेशातला आत आला की मी रविकांतकडं बघायचो, तो मान हलवायचा, हा नव्हे. बारा तारखेला काय झालं ते त्याला विचारलं तर त्यानं तोंड भिंतीकडं केलं. म्हणला, "त्यालाच इचारा." शेऱ्याचा कागद आम्हाला कुणी दाखवला नाही, आम्ही बाहेरची माणसं.

एक बिल्ला रविकांतपाशी ठेवून आलोय. अकरा नंबरचा. रिटायर झालो तेव्हा साहेबानं आठवण म्हणून दिला होता. तुला दे म्हणलोय. तू गप्प बसलास तरी दे म्हणलोय. मग तो तुझ्या खिशात आहे की खिळ्यावर, ते तुझं तुला कळत राहील.

पण मला कळलं पाहिजे. माझ्या पोराच्या नावापुढं काय लिहिलंय? रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. गावात लोक विचारायलेत, मी कानाचं निमित्त करून निघून जातो.

भुजंग साबळे

*

९ मार्च २०२४
राजस्थान

तीर्थरूप काका,

आधी ते सांगतो ज्यासाठी तुम्ही थांबला आहात. रविकांतच्या नावापुढं काही लिहिलेलं नाही. शेरा नाही. 'ड्रायव्हर निर्दोष' असे शब्द आहेत, मी माझ्या डोळ्यांनी वाचले. हेल्यावरही ठपका नाही.

बारा तारखेला आत गेलो तेव्हाही माझं ठरलेलं नव्हतं. समोर तीन साहेब. मधल्यांनी माझा जबाब वाचला आणि विचारलं, "यही सच है?" मी हो म्हणणार होतो, काका. ओठ उघडले होते. आणि मला एकदम तो पाचवीतला पोरगा आठवला, सगळ्यांसमोर बापाला तुमी अजून आतच हायेत म्हणणारा. मी म्हणालो, "साहेब, आम्ही मराठीत बोलत होतो."  मग सगळं सांगितलं, 'य'सकट.

त्यांना वाटलं मी मित्राला वाचवायला गोष्ट रचतोय. उजवीकडचे मेजरसाहेब कोल्हापूरचे. ते म्हणाले, "मी मराठी आहे. मला हा फरक ऐकू येईल. एवढं काय त्यात?" मी म्हणालो, "साहेब, हेल्यात बसून ऐका." तो शब्द तोंडून गेला, नंतर 'रणगाड्यात' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच गेलो. मी ड्रायव्हरच्या जागी बसलो, मेजरसाहेब माझ्या जागी. इंजिन चालू. दुसऱ्या एका साहेबांनी मला कागदावर क्रम लिहून दिला होता, त्याप्रमाणे मी दहा वेळा बोललो. चार वेळा निघालोय, सहा वेळा निघायलोय. मेजरसाहेब ऐकून लिहीत होते. वर आले, कागद पुढं केला. दहाच्या दहा वेळा 'निघालोय'. त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, "मीसुद्धा हँडल दाबलं असतं."

पण तेवढ्यानं माझं सुटत नाही आणि सुटूही नये. ठरलेले शब्द वापरले नाहीत आणि डोळ्यांनी खात्री करणारा माणूस बाहेर उभा न करता तोफ वळवली, हे दोन दोष माझ्यावर आहेत. पहिल्या तुकडीतलं नाव काढलं. आता मी स्टोअरमध्ये आहे. पट्टे, नटबोल्ट, ग्रीसचे डबे. हेल्या रोज समोरून जातो, दुसराच कुणी तोफेवर असतो.

बिल्ला मिळाला. रविकांतनं डाव्या हातानं माझ्या खिशात घातला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बाबांनी दिलाय, हरवू नको." मी तो ठेवला नाही. मेजरसाहेबांना नेऊन दाखवला, येलदरीची पद्धत सांगितली. त्यांनी आमच्या गाडीपुरती परवानगी दिली. तोफेच्या हँडलशेजारी एक हूक बसवलाय. टरेटचं कुलूप काढून काम असेल त्या दिवशी ड्रायव्हर आत शिरताना बिल्ला गळ्यात घालतो, आणि पूर्ण बाहेर आल्यावर वर चढून स्वतःच्या हातानं हुकावर अडकवतो. हूक रिकामा, तर हँडलला हात नाही. पंजाबी असो की तमिळ, कुणाला काही बोलावंच लागत नाही. तुमचा अकरा नंबर आता हेल्यावर आहे, काका.

राहिलं ते इस्पितळात न येण्याचं. मी आलो होतो. तेरा तारखेला हेल्यातली ती परीक्षा संपवून तसाच स्टेशनवर गेलो. या खेपेला पुठ्ठा नव्हता. गाडी आली, तुम्ही उतरलात. काकूंच्या डोक्यावरून पदर आणि हातात चटणीचा डबा, दिवाळीतल्यासारखाच, हिरव्या झाकणाचा. मी पंधरा पावलांवर होतो. तुम्ही माझ्याकडं पाहिलंतही, वाट विचारावी म्हणून. आणि मी पाठ फिरवली. रणगाड्यात बसून मी कधी घाबरलो नाही, पण काकूंच्या हातातल्या डब्याला घाबरलो. पुढचे दहा दिवस रोज इस्पितळाच्या फाटकापर्यंत येत होतो. तिथल्या लिंबाखाली उभा राहून परत जायचो.

रविकांतला बावीस तारखेला घरी पाठवणार आहेत. मलाही रजा मिळाली आहे. तो म्हणतो, "माझ्यासंगं चल, आई तुला काय बी म्हणनार न्हाई." तिकीट काढलंय, बॅग भरली आहे, तीनदा रिकामी करून पुन्हा भरली आहे. काकूंच्या समोर कुठल्या हातानं ताट घेऊ हे कळत नाही. त्याच हातानं हँडल दाबलं होतं.

म्हणून अजून स्टेशनवर येऊ नका. तुमच्या बोलीतला एकच शब्द मला नीट आला आहे, तोच लिहितो, आणि तुम्ही ज्या अर्थानं म्हणता त्याच अर्थानं लिहितो.

काका, मी निघायलोय.

योगीराज

*

(पोस्टकार्ड)

पिंगळी
१४ मार्च २०२४

चि. योगीराज यास अनेक आशीर्वाद.

पत्र कमलला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला लिव्हा, ताट दोन्ही हातांनी धरायचं असतं." चटणी कुटायला बसलीय.

तू सावकाश ये. आम्ही थांबायलोत.

भुजंगकाका